एका संख्येचें चरित्र

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक लहानसा प्रसंग घडला. दशांश अपूर्णांकांचा पाठ चालला होता. एकास सातानें भागून उत्तर तीन दशांशस्थळांपर्यंत काढावें, असें उदाहरण आम्हीं फळ्यावर लिहिलें. बहुतेक मुलांनीं दोन मिनिटांत ०.१४३ असें उत्तर लिहून वह्या पुढें केल्या. मागच्या बाकावरील एक मुलगा मात्र खालीं मान घालून भागाकार करीतच बसला होता. जवळ जाऊन पाहतों तों त्याच्या वहीचें सबंध पान भागाकाराच्या शिडीनें भरून गेलेलें! तीन स्थळें सांगितलीं असतां पान कां नासलेंस, म्हणून आम्हीं त्यास दटाविलें. तो हळूच म्हणाला, "सर, सहा आकडे झाले कीं पुन्हां तेच येतात. ते कां येतात?" इतक्यांत घंटा झाली. "तें तसेंच असतें," एवढें बोलून आम्हीं त्याची वही मिटली.

"तें तसेंच असतें" हें उत्तर नव्हे, हें आम्हांस त्याच वेळीं कळावयास हवें होतें. मुलानें प्रश्न खरा विचारला होता आणि शिक्षकानें त्यास टाळलें होतें. तो मुलगा पुढें शाळा सोडून गेला. त्याचें देणें आमच्याकडे राहिलें. हा लेख म्हणजे त्या देण्याची फेड आहे. तो त्याच्या हातीं पडो वा न पडो, तसाच प्रश्न मनांत येऊन गप्प बसलेलीं मुलें आजही बाकांवर असतील. त्यांस तरी उत्तर मिळावें, असा आमचा हेतु आहे.

त्या वहींत फिरून फिरून येणारे आकडे १, ४, २, ८, ५, ७ असे होते. ते एकत्र लिहिले म्हणजे १४२८५७, अर्थात् एक लक्ष बेचाळीस हजार आठशें सत्तावन ही संख्या होते. ही कांहीं फार मोठी नव्हे. कापसाच्या हंगामांत आमच्या पाचोऱ्यांतील व्यापाऱ्याच्या वहींत याहून मोठी रक्कम सहज आढळेल. परंतु मोठेपणा निराळा आणि गुण निराळे. या संख्येच्या अंगीं कोणते गुण आहेत तें पाहण्यासाठीं वाचकांनीं पाटी-पेन्सिल अथवा कागद घेऊनच बसावें. गणितावरील लेख नुसत्या डोळ्यांनीं वाचणें म्हणजे पोहण्याचें पुस्तक कांठावर बसून वाचण्यासारखें आहे.

प्रथम या संख्येस क्रमानें एकापासून सहापर्यंतच्या अंकांनीं गुणूं.

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२

सहाही उत्तरांत तेच सहा अंक आहेत. नवा अंक एकही आला नाहीं, जुना एकही गेला नाहीं. इतकेंच नव्हे, त्यांचा क्रमही मोडलेला नाहीं. सहा मुलें हात धरून फेर करून उभीं राहिलीं आहेत, अशी कल्पना करा. कोणाचाही शेजारी बदलत नाहीं. मोजणी कोणापासून आरंभावयाची एवढेंच प्रत्येक वेळीं बदलतें. एकाच्या पुढें चार, चाराच्या पुढें दोन, दोनाच्या पुढें आठ, आणि शेवटीं साताच्या पुढें पुन्हां एक, हा फेर कायम राहतो. म्हणून अशा संख्येस चक्रीय संख्या म्हणतात.

आतां सातानें गुणा. उत्तर येतें ९९९९९९. फेर एकाएकीं नाहींसा होऊन सहा नऊ ओळीनें उभे राहतात. आठानें गुणिलें तर ११४२८५६ येतात. हे सात अंक आहेत. पैकीं डावीकडील पहिला १ काढून तो उरलेल्या १४२८५६ मध्यें मिळवा. पुन्हां १४२८५७ हजर! संख्येचे मधोमध दोन तुकडे करून बेरीज घ्या: १४२ + ८५७ = ९९९. तीन तुकडे करा: १४ + २८ + ५७ = ९९. जेथें हात घालावा तेथें नऊच नऊ.

एखाद्या चतुर मनुष्यानें ही संख्या तांब्याच्या पत्र्यावर कोरून आठवड्याच्या बाजारांत मांडली आणि सहा गुणाकार करून दाखविले, तर तिचे ताईत विकावयास त्यास फार वेळ लागणार नाहीं. पाहणाऱ्यांस आश्चर्य वाटेल आणि आश्चर्याच्या भरांत खिशांतला पैसा बाहेर येईल. आश्चर्य वाटणें वाईट नव्हे. त्या मुलासही तेंच वाटलें होतें. परंतु त्यानें आश्चर्यापुढें "कां?" हा प्रश्न ठेविला. ताईत घेणारा आणि विद्यार्थी यांच्यांत अंतर आहे तें एवढेंच.

तर मग कां? याचें उत्तर आपण ज्या गोष्टीकडे नेहमीं दुर्लक्ष करितों तींत आहे. ती गोष्ट म्हणजे बाकी. भागाकार करितांना आपलें सर्व लक्ष वर लिहिल्या जाणाऱ्या भागाकडे असतें. खालीं उरणारी बाकी ही आपणांस अडचण वाटते. शून्य खालीं घेऊन तिला आपण पुढें ढकलीत असतों. एकास सातानें भागण्याचा तो भागाकार पुन्हां एकदां मांडूं, पण या वेळीं नजर बाकीवर ठेवूं.

एकांत सात जात नाहींत. म्हणून शून्य घेऊन दहा केले. दहांत सात एक वेळ, बाकी ३.
तीस झाले. तिसांत सात चार वेळ, बाकी २.
वीस झाले. विसांत सात दोन वेळ, बाकी ६.
साठ झाले. साठांत सात आठ वेळ, बाकी ४.
चाळीस झाले. चाळिसांत सात पांच वेळ, बाकी ५.
पन्नास झाले. पन्नासांत सात सात वेळ, बाकी १.

शेवटची बाकी १ आली. परंतु आपण आरंभ केला होता तो एकापासूनच! ज्या स्थितींतून निघालों तिलाच परत आलों. म्हणून यापुढें जें व्हावयाचें तें पूर्वीं झालें त्याहून वेगळें होऊं शकत नाहीं. पुन्हां दहा, पुन्हां तीन, पुन्हां तीस. वरचे आकडे पुन्हां तेच येतात, कारण खालची बाकी पुन्हां तीच आली आहे.

कोणी विचारील, बाकी परत यावयासच हवी असें कां? सातानें भागिलें असतां बाकी ०, १, २, ३, ४, ५, ६ यांपैकींच असली पाहिजे. शून्य उरलें तर भागाकार संपला. येथें तो कधींच संपणार नाहीं. कारण दहा, शंभर, हजार अशा कोणत्याही संख्येस सात निःशेष भागीत नाहींत. उरल्या सहाच बाक्या. सहा खुंट्या असतील तर सातवी टोपी आधीं टोपी असलेल्या खुंटीवरच टांगावी लागते. म्हणून फार तर सहा पायऱ्यांत मागली बाकी परत आलीच पाहिजे. सातानें भागितांना तर सहाही बाक्या, एकही न वगळतां, एकेकदां येऊन जातात: १, ३, २, ६, ४, ५. या संख्येचें सारें वैभव येथून आलें आहे.

कारण आतां दोनास सातानें भागावयाचें आहे असें समजा. नवा भागाकार करण्याची गरज नाहीं. वरच्या मांडणींत "बाकी २" ही जेथें आली, तेथून पुढें वाचा: दोन, आठ, पांच, सात, एक, चार. हेंच दोन-सप्तमांशाचें उत्तर, आणि हाच १४२८५७ चा दुपटीचा गुणाकार. तिपटीसाठीं "बाकी ३" पासून वाचा, चौपटीसाठीं "बाकी ४" पासून. फेरांतील सहा मुलें म्हणजे सहा बाक्याच होत. सातपट केल्यानें फेर कां नाहींसा होतो तेंही आतां उघड आहे. सहा शून्यें घेऊन झाल्यावर बाकी १ उरली; म्हणजेच दहा लक्ष = ७ × १४२८५७ + १. तो एक काढून टाकिला कीं ९९९९९९ राहतात. आणि तीन पायऱ्यांनंतरची बाकी ६, म्हणजे सातांत एक कमी, अशी आहे. म्हणून संख्येचा दुसरा अर्धा भाग पहिल्याची उणीव भरून काढतो आणि १४२ व ८५७ मिळून ९९९ होतात.

बाकीकडे असें लक्ष देण्याची विद्या आपल्या मुलुखास नवी नाहीं. पाचोऱ्याहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीनें चाळीसगांवास उतरावें, आणि तेथून दक्षिणेकडील डोंगराच्या पायथ्याशीं जावें, म्हणजे पाटण हें स्थान लागतें. लोक त्यास पाटणादेवी या नांवानें ओळखतात. तेथील एक शिलालेख गणिताच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. इ. स. १२०७ च्या सुमाराचा हा लेख सांगतो कीं, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून येथें एक मठ स्थापिला आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. लेख संस्कृत असून शेवटीं जुन्या मराठींतील ओळी आहेत. एकोणिसाव्या शतकांत डॉ. भाऊ दाजी यांनीं तो विद्वानांच्या नजरेस आणिला. मठ म्हणजे त्या काळची शाळाच. गणित शिकविण्यासाठीं आठ शतकांपूर्वीं आपल्याच जिल्ह्यांत शाळा उघडली गेली, ही गोष्ट येथील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असावी.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा; त्यांची 'लीलावती' ११५० ची. तींत 'कुट्टक' नांवाचें एक प्रकरण आहे. त्यांतील एका उदाहरणाचा आशय असा: २२१ ला कोणत्या संख्येनें गुणून त्यांत ६५ मिळविले असतां येणारी संख्या १९५ नें भागून बाकी कांहींच उरणार नाहीं? पांच घेऊन पाहा. २२१ च्या पांचपट ११०५, त्यांत ६५ मिळवून ११७०, आणि १९५ सक ११७०. उत्तर लहान आहे. पण तें चांचपडत न शोधतां बाकीस बाकीनें भागीत भागीत नियमानें काढावें, ही त्या प्रकरणाची शिकवण आहे. आम्ही जी अडचण म्हणून पुढें ढकलितों, तिलाच भास्कराचार्य हातांत दिवा म्हणून धरितात.

आतां पुन्हां गाडींत बसूं. चाळीसगांवाहून मनमाड, नाशिक रोड असें करीत ती देवळालीस पोहोंचते. आमच्या संख्येच्या चरित्रांतील दुसरें प्रकरण या गांवचें आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत असतां १९२७ सालीं त्यांस रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें गणिताचें पारितोषिक मिळालें. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेंत शिक्षक होते. मोठ्या विद्यापीठाचें पद नाहीं, हाताशीं यंत्र नाहीं. कागद, पेन्सिल आणि संख्यांविषयीं अतोनात प्रेम एवढेंच त्यांचें भांडवल. त्यांचे शोध क्षुल्लक आहेत म्हणून कित्येक विद्वान् हंसले. कापरेकरांनीं आपल्या टिपणांच्या पुस्तिका पदरच्या खर्चानें छापिल्या आणि आपलें काम चालूं ठेविलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर या लेखकानें अमेरिकेंतील एका नामांकित मासिकांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां देवळालीच्या या मास्तरांचें नांव जगभर झालें. १९८६ सालीं ते वारले. ६१७४ ही संख्या आज कापरेकर स्थिरांक म्हणून सर्वत्र ओळखिली जाते.

कापरेकरांनीं संख्यांच्या कित्येक जाती शोधून त्यांस नांवें दिलीं. त्यांपैकीं तीन जातींच्या कसोट्यांवर आमची संख्या घांसून पाहूं.

पहिली जात आज त्यांच्याच नांवानें कापरेकर संख्या म्हणून चालते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हां ४५. अशा संख्या विरळा आढळतात. १४२८५७ चा वर्ग केला तर २०४०८१२२४४९ येतो. उजवीकडून सहा अंक मोजून तोडा: २०४०८ आणि १२२४४९. बेरीज करा: १४२८५७! याचेंही कारण अवघड नाहीं. संख्येंतून एक वजा केला तर १४२८५६ राहतात, आणि ते ७ × २०४०८ आहेत. म्हणून १४२८५७ × १४२८५६ = १४२८५७ × ७ × २०४०८ = ९९९९९९ × २०४०८. पूर्ण वर्ग हवा असेल तर यांत आणखी एकदां १४२८५७ मिळवावे. आतां ९९९९९९ च्या ठिकाणीं दहा लक्ष वजा एक घाला. २०४०८ पुढें सहा शून्यें मांडलीं जातात आणि मागल्या भागांत १४२८५७ मधून २०४०८ वजा होतात. जितके पुढें गेले तितकेच मागून कमी झाले. मग दोन्ही भाग एकत्र केल्यावर मूळ संख्या येणारच.

दुसरी जात हर्षद, म्हणजे आनंद देणारी. जी संख्या आपल्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भागली जाते ती हर्षद. १८ घ्या: एक आणि आठ मिळून नऊ, आणि नऊ दुणे अठरा. १४२८५७ च्या अंकांची बेरीज २७. भागून पाहा: २७ × ५२९१ = १४२८५७. बाकी शून्य. आमची संख्या हर्षद ठरली.

तिसरी जात स्वयंभू संख्यांची. कापरेकरांच्या गांवावरून तिला देवळाली संख्या असेंही म्हणतात. कोणत्याही संख्येंत तिच्याच अंकांची बेरीज मिळविली कीं नवी संख्या जन्मते. २१ मध्यें २ व १ मिळविले कीं २४. म्हणून २१ ही २४ ची जनक. परंतु २० ची जनक शोधूं गेल्यास ती सांपडत नाहीं. जिला जनक नाहीं ती स्वयंभू. १४२८५७ ला जनक आहे काय? तिच्याहून लहान असलेल्या लाखभर संख्या तपासण्याची जरुरी नाहीं. येथेंही बाकी आपलें काम हलकें करिते.

दहा, शंभर, हजार यांपैकीं कोणासही नवानें भागिलें तर बाकी एकच उरते. म्हणून कोणत्याही संख्येस नवानें भागून जी बाकी येते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेस भागूनही येते. जुने कारकून हिशेबाचा ताळा पाहतांना याच नियमाचा उपयोग करीत. समजा, आमच्या संख्येस जनक आहे आणि तिची ही बाकी अमुक एक आहे. तिच्या अंकांच्या बेरजेची बाकीही तीच; मग दोहोंच्या बेरजेंत ती दुप्पट होणार. पण १४२८५७ हे नवानें निःशेष भागले जातात. ज्या बाकीची दुप्पट नवानें भागली जाते अशी बाकी शून्यच. म्हणून जनकाच्या अंकांची बेरीज नवाच्या पाढ्यांतलीच हवी. आणि सहा अंकांची बेरीज ५४ च्या पुढें जाऊं शकत नाहीं. तेव्हां उमेदवार सहाच:

९ वजा करून १४२८४८. अंकांची बेरीज २७.
१८ वजा करून १४२८३९. अंकांची बेरीज २७.
२७ वजा करून १४२८३०. अंकांची बेरीज १८.
३६ वजा करून १४२८२१. अंकांची बेरीज १८.
४५ वजा करून १४२८१२. अंकांची बेरीज १८.
५४ वजा करून १४२८०३. अंकांची बेरीज १८.

वजा केलेला आकडा आणि अंकांची बेरीज एके ठिकाणींही जुळत नाहीं. अर्थात् जनक नाहीं. १४२८५७ ही स्वयंभू आहे. मागच्या बाकावरील मुलाच्या वहींत उतरलेली संख्या देवळालीच्या मास्तरांच्या तीनही कसोट्यांस उतरली.

अशी चक्रीय संख्या ही एकच आहे काय? नाहीं. एकास सतरानें भागिलें तर ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक फिरून फिरून येतात. सतरानें भागून उरूं शकणाऱ्या सोळाही बाक्या येथें हजेरी लावितात. या संख्येची दुप्पट ११७६४७०५८८२३५२९४ होते, म्हणजे तोच फेर. आरंभींचें शून्य मात्र टाकूं नये, तेंही फेरांतील एक गडी आहे. उलट तेरानें भागिलें तर ०७६९२३ हे सहाच अंक येतात. तेराच्या बारा बाक्या सहा-सहांच्या दोन फेरांत वांटल्या गेल्या आहेत, आणि दोन-त्रयोदशांशाचें उत्तर १५३८४६ हें दुसऱ्याच फेरांतील आहे. शंभराच्या आंतील मूळ संख्यांपैकीं ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ या नऊच सर्व बाक्यांचा एक फेर करितात. जर्मन गणिती गाउस यानें १८०१ सालच्या आपल्या ग्रंथांत या आवर्ती दशांशांचा विचार केला होता. अशा मूळ संख्या अनंत आहेत काय? त्या अनंत असाव्यात, असें अनुमान एमिल आर्टिन यानें १९२७ सालीं मांडलें. पण त्याची पूर्ण सिद्धता आजवर कोणास देतां आलेली नाहीं. मुलाचा प्रश्न धरून चाललों तों आपण जगांतील गणित्यांच्या शिवेपर्यंत येऊन पोहोंचलों. शाळेच्या वहीपासून ही शीव इतकी जवळ आहे.

हल्लीं एक भागिलें सात असें यंत्रावर दाबलें कीं कांहीं अंक दिसतात आणि जागा संपली म्हणजे यंत्र थांबतें. तें उत्तर झटकन् देतें, परंतु बाकी दाखवीत नाहीं. बाकी दिसावयाची तर भागाकार हातानें मांडावा लागतो. म्हणून यंत्र वापरावें, पण त्याच्या भरंवशावर वही टाकून देऊं नये.

शेवटीं मुलांनीं घरीं करून पाहावें असें एक उदाहरण देतों. १४२८५७ ला वर्षाच्या दिवसांनीं, म्हणजे ३६५ नीं गुणा. उत्तर ५२१४२८०५ येईल. उजवीकडून सहा अंक तोडा: ५२ आणि १४२८०५. डावीकडील ५२ म्हणजे वर्षाचे पूर्ण आठवडे. दोन्ही तुकड्यांची बेरीज करा: १४२८५७, म्हणजे एकपट, बावन आठवडे होऊन एक दिवस उरला. लीप वर्षाचे ३६६ घ्या. ५२२८५६६२ येतील, ५२ आणि २८५६६२ यांची बेरीज २८५७१४, म्हणजे दुप्पट, दोन दिवस उरले. सातानें भागून काय उरलें तें ही संख्या विसरत नाहीं. असें कां होतें तें येथें सांगत नाहीं. वर सांगितलेल्या सामग्रींतून तें प्रत्येकानें स्वतः काढावें.

पालकांसही आमची एक विनंती आहे. आपला मुलगा वा मुलगी उत्तर मिळाल्यावरही वही मिटीत नसेल, पानाच्या खालपर्यंत भागाकार करीत बसली असेल, तर कागद वायां गेला म्हणून रागावूं नका. क्षणभर शेजारीं बसा आणि काय दिसलें तें विचारा. उत्तर आपणांस ठाऊक नसेल तर तसें मोकळेपणानें सांगा. त्यांत कमीपणा नाहीं. "तें तसेंच असतें" एवढें मात्र म्हणूं नका. आम्हीं तें एकदां म्हटलें होतें, आणि त्याची बाकी इतकीं वर्षें आमच्या नांवावर राहिली.